निळ्या झाकणाचं कुलूप

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथं गाड्यांच्या वायरींचे जुडगे तयार होतात. चाक किती फिरतंय, धूर कसा निघतोय, टाकीत काय उरलंय, हे सगळं गाडीच्या मेंदूला कळवायचं काम या वायरींचं. मेंदू म्हणजे डब्याएवढी पेटी. आम्ही बाया पिना बसवतो, तपासतो, आणि एखादी ढिली राहिली तर सुपरवायझरची बोलणी खातो. त्यामुळं नव्या गाड्यांचं कुणी कौतुक करू लागलं किंवा त्यांना शिव्या देऊ लागलं की मला गप्प बसवत नाही. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आमच्याच घरात घडलेलं आहे.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पाण्याचा टँकर चालवायचा. गाडी नवी होती, मालक दुसरा होता. पाऊस सलग दगा देत होता आणि शहर मात्र सुटलं होतं. देवळाईच्या पुढं इमारतींवर इमारती उठत होत्या, घरात दोन-दोन न्हाण्या, आणि नळाला पाण्याचा थेंब नाही. त्या सगळ्यांच्या टाक्या दादा भरायचा. आप्पा, म्हणजे आमचे वडील, बिडकीनच्या अलीकडं मेंढरं घेऊन राहायचे. जिथं त्यांनी जन्मभर मेंढरं चारली, तिथं आता तारेची कुंपणं आणि आखलेले रुंद रस्ते होते. विहिरी आटल्या तेव्हा मालकाला विचारून दादा दर तिसऱ्या दिवशी एक फेरी आप्पांकडं टाकू लागला. खड्ड्यात ताडपत्री अंथरून आप्पांनी मेंढरांसाठी टाकं केलं होतं. मेंढरं प्यायल्याशिवाय ते स्वतः पाण्याला तोंड लावायचे नाहीत. लहानपणापासूनचा नेम, मोडायला सांगितलं की चिडायचे.

आधी गाडीची चांगली बाजू सांगते. पहिल्याच उन्हाळ्यात पैठण रोडला भरल्या टँकरसमोर एक मोटरसायकल घसरली. नवरा, बायको आणि तिच्या कडेवरचं लेकरू, तिघंही डांबरावर. टँकरमधलं पाणी ब्रेक मारला की पुढं धावतं, जुनी गाडी असती तर चाकं जाम होऊन आडवी झाली असती. ही थरथरत, अडखळत, पण सरळ रेषेत थांबली. दादा संध्याकाळी थेट माझ्या खोलीवर आला. "म्या नुसता पाय दिला," तो म्हणाला, "थांबली ती तिच्या अकलेनं." मी त्याला समजावलं की चाक जाम व्हायला लागलं की मेंदू ब्रेक सोडतो, धरतो, पुन्हा सोडतो. त्याला त्यातलं फारसं ऐकायचं नव्हतं. आप्पांना कळलं तेव्हा त्यांनी टँकरला भंडारा लावला आणि मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा बॉनेटवरून हात फिरवला. त्या दिवसापासून गाडी आमच्या घरातली झाली.

या गाडीला डिझेलबरोबर आणखी एक गोष्ट लागायची. तिचा धूर स्वच्छ व्हावा म्हणून निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं. ते विकत मिळतं, अगदी शुद्ध असतं. ते कमी झालं की समोर दिवा लागतो, आणि ते संपलं किंवा खराब निघालं तर मेंदू इंजिनाची ताकद काढून घेतो, म्हणजे घाण धूर सोडत कुणी पळू नये. हेतू चांगलाच आहे. शहराची हवा बघितली तर मीही हेच म्हणेन. पण ताकद काढून घेताना गाडी कुठं निघालीय, कुणाकडं निघालीय, हे तिला विचारता येत नाही.

त्या वैशाखात एके सकाळी दादा आप्पांकडं पाणी टाकून लिंबाखाली आडवा झाला. युरियाचा दिवा लागला होता, कॅन रिकामा होता, शहरात गेल्यावर भरू असं तो आप्पांजवळ बोलला होता. उठून गाडी सुरू केली तर दिवा विझलेला. धुळीनं हे दिवे असेच लागतात नि विझतात, असा त्याचा अनुभव, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी वेगळाच दिवा लागला. त्याच्याकडंही त्यानं काणाडोळा केला.

तिसऱ्या दिवशी आप्पांकडं भरलेला टँकर नेताना गाडीनं ताकद सोडली. पाय दाबून दाबून दुखला तरी बैलगाडीच्या वर वेग जाईना. रस्त्याकडेच्या मेस्तरीनं बघितलं आणि हात टेकले; कंपनीचा कॉम्प्युटर लावल्याशिवाय काही होणार नाही म्हणाला. जुन्या गाडीला त्यानं तारेनं बांधून पाठवलं असतं. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तर तेवढाही जोर राहिला नाही. शेवटी एक छोटा टेम्पो थांबवून दादानं त्यात ड्रम भरून घेतले आणि ऊन कलल्यावर आप्पांकडं पोचला.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आदल्या दिवशीच टाकं कोरडं पडलं होतं. नव्या रस्त्याच्या कामावर एका खड्ड्यात पाणी साठलं होतं, त्यात काय धुतलं होतं देव जाणे. मेंढरांना त्याचा वास लागला आणि ती उधळली. आप्पा आडवे गेले, कुत्रं आडवं गेलं, पण तहानलेली मेंढरं कुणाला ऐकतात? दादा पोचला तेव्हा निम्म्याहून जास्त पाय झाडत होती. आप्पा कोरड्या ओठांनी त्यांच्यामध्ये बसले होते. ड्रम उतरवले तरी ते पाणी प्यायले नाहीत. मेंढरं प्यायली नव्हती ना.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये निळं झाकण उघडलं तर आत पांढरे खडे. कुणीतरी शेताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून घातलाय, तिथला मेस्तरी म्हणाला. शेताच्या युरियात इतर बरंच काही असतं, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, नळ्या तुंबल्या. दादाला लिंबाखालची सकाळ आठवली. आप्पांच्या पालात कुणा शेतकऱ्यानं दिलेलं युरियाचं अर्धं पोतं पडलेलं असायचं, आणि टाक्यात दादा टाकायचा ते पाणी बोअरचंच होतं. तो तसाच माझ्याकडं आला आणि पोरासारखा रडला. आप्पांना हे कधीच कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. विकतचा युरिया भेसळीचा निघाला, असं त्यांना सांगितलं.

उरलेली मेंढरं लासूरच्या बाजारात गेली. आप्पा शहराच्या टोकाला दादाच्या खोलीवर राहायला आले. भिंतीकडं बघत बसायचे. मग एके दिवशी, मी सुट्टीला गेले होते तेव्हा, एकदम उत्साहात येऊन दादाला म्हणाले, "दुकानाचं घालू नकोस. मी कालवून देत जाईन. त्या दिशी तू निजला हुतास, तवा म्याच घातलं. पटक्यातून गाळून घातलं, येक खडा राहू दिला नाय." मेंढरांच्या वाटणीचं पाणी त्यांनी गाडीला दिलं होतं. ती उपाशी चाललीय हे त्यांना बघवलं नव्हतं.

दादानं बरं म्हणून मान हलवली. आमच्या खोटेपणानं आप्पांना पुन्हा तेच करायला मोकळं केलं होतं, आणि खरं सांगायची आमची छाती नव्हती. आठवडाभर दादा टाकीवर नजर ठेवून होता. मग त्यानं बाजारातून छोटं कुलूप आणलं आणि निळ्या झाकणाला लावलं.

पुढच्या सुट्टीला मी गेले तर आप्पा टँकरजवळ उकिडवे बसले होते, कुलूप बोटांत धरून. हे कशाला, त्यांनी विचारलं. चोर युरिया काढून नेतात, मी सांगितलं. मला खोटं बोलता येतं, कारखान्यात रोज थोडं बोलावं लागतं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"काढून न्यायचं सोड," ते म्हणाले, "ह्या गल्लीत तिला घालणारा म्या सोडून दुसरा कोण हाय?"

मी टँकरच्या पायरीवरची धूळ पदरानं पुसू लागले.

"मेंढरं म्या मारली व्हय, माय?"

नाही म्हणायला मला उशीर झाला. म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोक्याचा पटका सोडला, त्याची नीट घडी केली आणि टँकरच्या पायरीवर ठेवली. आमच्यात माणूस उघड्या डोक्यानं बसतो तो घरात कुणी गेल्यावर. त्यानंतर आप्पांनी डोक्याला काही बांधलं नाही. पटका दादानं उचलून आणला, धुतला, उशाशी ठेवला. तो तिथंच आहे.