परतीची वाट नसलेली सळई

आमच्या प्रयोगशाळेच्या शीतकक्षात माणसाएवढा उंच बर्फाचा खांब उभा होता. दूरच्या चंद्रांवर बर्फाखाली समुद्र शोधायला बनवलेली तापणारी सळई आज पहिल्यांदाच त्यात उतरत होती. ती पुढे सरकली की वरचं पाणी लगेच गोठे आणि मागची वाट बुजून जाई. मला ते बघवेना.

"मेधाताई, ही परत कशी येणार?"

सळई घडवणाऱ्या मेधाताई म्हणाल्या, "येणार नाही. तिची खबर येईल फक्त."

इतक्या मायेनं घडवायचं आणि कायमचं अंधारात सोडायचं, हे कसलं कुतूहल आपलं!

एवढ्यात, ती किती खाली गेली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ थांबली. बऱ्याच वेळानं रेघ पुन्हा सरकली, तेव्हा मेधाताई हलकेच म्हणाल्या, "जा गं, जा."