पुसट तारीख

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा थोरल्या दिरांचा शेंगाचटणीचा कारखाना खालच्या मजल्यावर आणि आमच्या दोन खोल्या वर होत्या. नवरा टेम्पोवरून माल पोचवायचा. माझ्याकडं पाकिटं आणि तारखेचा शिक्का आला.

बार्शी, वैरागकडच्या दुकानांतून न खपलेली पाकिटं परत यायची. दादा म्हणजे थोरले दीर म्हणाले, "थिनरनं तारीख पूस आणि नवी मार. चटणीला काय होतंय?" मी पुसत गेले. बोटांचा वास जेवतानाही जायचा नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "घर त्याचं, धंदा त्याचा. आपण कुठं जाणार?"

पाकिटावर तक्रारीसाठी कारखान्याचा नंबर होता आणि तो फोन माझ्याजवळ असायचा. एका दुपारी वैरागहून एका म्हातारीचा फोन आला.

"बाई, ह्या पाकिटावर दोन तारखा हायत की. एक पुसट, एक ठळक. खरी कंची?"

मी दाराकडं पाहिलं.

"नातीच्या डब्यात दिल्ती. खवट लागती म्हणून पोरीनं डबा तसाच परत आणला."

"आजी, पुसट तारीख खरी," मी म्हणाले. "टाकून द्या ती."

मागं दादा उभे होते. ओरडले नाहीत. हात पुढं करून म्हणाले, "फोन इकडं दे." त्यानंतर तो फोन मला मिळाला नाही.

काही महिन्यांनी मोठ्या दुकानदारांनी अट घातली. सगळ्या कारखान्यांनी एकाच जागी, एकाच पद्धतीनं छापायचं, 'या तारखेपर्यंत वापरा'. 'पॅकिंगपासून तीन महिने' असलं मोघम चालणार नाही. दादांनी मशीन आणलं. पाकीट बंद होतानाच तारीख कडेला ठशासारखी उमटायची. मी थिनर लावून पाहिलं. पुसेना. त्या दिवशी मला फार दिवसांनी भूक लागली.

मग परतीचा माल आला. दादांनी माझ्यापुढं कात्री ठेवली. "कापून परातीत ओत. ताज्या चटणीत मिसळ, नवीन पाकिटात भर."

"दादा, ही खवट झालीय."

"ताज्यात कळत न्हाई."

"मी नाही करणार."

ते नवऱ्याकडं बघून म्हणाले, "वरच्या खोल्या मोकळ्या कधी करताय?" नवऱ्यानं मान खाली घातली. मी कात्री उचलली.

तरी एका पहाटे परतीच्या पाकिटांचं एक पोतं मी घंटागाडीत टाकलं. गाडी वळायच्या आत जाऊबाईंनी खिडकीतून पाहिलं होतं.

आता त्या माझ्या शेजारी बसतात. आधी वाटलं, नजर ठेवायला बसवलंय. पण परवा कापता कापता त्यांनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि पदरानं जीभ पुसली. माझ्याकडं पाहिलं नाही. पुढचं पाकीट घेतलं. त्या कापतात, मी ओतते.