संपत बोर्डेची पुडी

जाफराबादच्या बसस्टँडसमोर संपत बोर्डेचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून वस्तू कधी एकटी परत यायची नाही, सोबत एक पुडी यायची. टेपरेकॉर्डर असेल तर पुडीत झिजलेला रबरी पट्टा, मिक्सर असेल तर मोटरीतला घासून संपलेला कार्बन. गिऱ्हाईक म्हणायचं, हे नेऊन काय करू? संपत म्हणायचा, "फेकून द्या. पण तुमच्या हातानं फेका."

या सवयीमागे एक जुनी गोष्ट होती. १९८१ साली दुकान टाकलं त्याच महिन्यात काकासाहेब नावाच्या एका बड्या असामीनं भर चौकात आवाज उठवला, की बोर्ड्याच्या पोरानं माझ्या रेडिओतला चांगला स्पीकर काढून जुना बसवला. बसवला नव्हता. पण पोरगं बौद्धवाड्यातलं आणि बोलणारा वाड्यावरचा, म्हटल्यावर चौकाला खरंखोटं करायची गरज वाटली नाही. संपत तेव्हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यानं जो भाग बिघडला तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला सुरुवात केली. सव्वीस वर्षांत एकही पुडी चुकली नाही. माणूस तसा तिरसट, गोड बोलणं त्याच्या गावी नव्हतं. लोक यायचे ते पुडीच्या भरवशावर.

रेडिओ गेले, टेप गेले, तेव्हा पन्नाशीला टेकलेला संपत जालन्याला जाऊन तीन महिने कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून आला. बायको बेबीनंदा म्हणाली, आता नातवंडं खेळवायच्या वयात वही-पेन घेऊन निघाले. तो निघालाच. पाटी रंगवून घेतली, पण वर्षभर कुणी लॅपटॉप म्हणून आणला नाही. पहिला आला तो २००७ च्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी.

आणणारे धर्मराज सर हसनाबादचे, कॉलेजात शिकवायचे. सोबत त्यांची आई द्वारकाबाई होती. तिला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं होतं, म्हणून एकाच फेरीत दोन कामं. सरांचा चेहरा उतरलेला.

"चालू केला की कंपनीचं नाव दिसतं, मग पडदा काळा आणि नुसतं टूं टूं टूं," सर म्हणाले. "जालन्यात दाखवला. मेन बोर्ड गेला म्हणाले, नवाच घ्या."

"उघडून पाह्यला का त्यांनी?"

"नाही. आवाज ऐकूनच सांगितलं."

संपतनं नाक मुरडलं. "लाईट दोनला येती. बॅटरी पार उतरलीय, तवर काही व्हत न्हाई. तुम्ही तुमचं काम उरकून या."

सर झेरॉक्स काढायला गेले. द्वारकाबाई बाकावरच बसून राहिली. डॉक्टर चारला बसायचे. दोन वाजेपर्यंत संपतनं तिच्याकडे पाहिलंही नाही; पण म्हातारीला बोलल्याशिवाय करमेना, आणि तासाभरात तिनं घरातली निम्मी हकिकत सांगून टाकली.

मालक, म्हणजे रामराव, दोन वर्षांखाली वारले. शेती बटईनं दिली. बैल विकले. यंदा विळा-कुऱ्हाडही बटईदार घेऊन गेला. सून नोकरीची, घरात तिचं आणि सरांचं चालायचं. म्हातारीला कुणी वाईट बोलत नव्हतं. नुसतं एकेक काम हातातून काढून घेत होते. आई, याला हात लावू नको. आई, ते राहू दे. लॅपटॉप बंद पडला त्या संध्याकाळी सर एवढंच बोलले होते, की आईचा हात लागला असेल, तर यापुढं माझ्या कुठल्याच वस्तूला हळदीकुंकू नको.

"तुमचा हात लागला का मंग?" संपतनं मान वर न करता विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय, बाबा," द्वारकाबाई म्हणाली.

दोनला लाईट आली. संपतनं बॅटरी काढून ठेवली, वायर लावली, बटण दाबलं. नाव दिसलं, पडदा काळा, टूं टूं टूं. मेमरीची पट्टी काढून तिची टोकं खोडरबरनं घासली. तोच आवाज. मग त्यानं कीबोर्डला मेन बोर्डाशी जोडणारी पट्टी सोडवली आणि पुन्हा बटण दाबलं. आवाज बंद. पडद्यावर सरांची सगळी कामं ओळीनं उभी राहिली. बोर्ड ठणठणीत होता.

म्हणजे एखादं बटण दबून बसलंय. संपतनं मशीन बंद केलं आणि एकेक बटण बोटानं चाचपलं. कोपऱ्यातलं एक वर येईना. कडेला पिवळसर भुकटी दिसत होती. भाजीतली हळद असेल असं त्याला वाटलं. पातळ पट्टीनं त्यानं बटण उचकटलं. खाली तांदळाचा एक दाणा होता. लाल.

संपतच्या दुकानात खंडेनवमी होत नसे. बाप भिवा यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले, आणि संपतच्या पान्या-पकडींनी झेंडूचं फूल कधी पाहिलं नाही. पण कुंकवातली अक्षता ओळखू येणार नाही इतका तो परका नव्हता. त्यानं मान वर केली. द्वारकाबाई दाण्याकडेच बघत होती.

"दर साली इळा, कुऱ्हाड, तिफण पुजत आले," ती हळूच म्हणाली. "औंदा पाटावर मांडायला काहीच न्हवतं. ज्याच्यावर पोराचं पोट हाय, ते तरी मांडावं. उघडून मांडलं. झाकल्या तोंडाला कुंकू कसं लावावं?"

संपतला राग आला. म्हातारीचा की दाण्याचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पुडी सरांना द्यायची तर म्हातारीचा पाट कायमचा उठला, आणि बोर्ड्यानं पूजेची थट्टा केली असं हसनाबादेत झालं असतं ते वेगळंच. न द्यायची, तर सव्वीस वर्षांनी काकासाहेब खरे ठरले. त्यानं दाणा चिमटीत धरला. मग वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, दाणा ठेवला, चारही कडा मुडपल्या आणि पुडी द्वारकाबाईच्या हातावर ठेवली.

"दोष निघाला तो दिला. सांगायचा का फेकायचा, तुमच्या हातात."

सर आले. चालू लॅपटॉप बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "काय निघालं? पुडी देता ना तुम्ही?"

"मावशीकडं दिली."

सरांनी आईकडे पाहिलं. म्हातारी फेकू शकली असती, समोरच गटार होतं. तिनं पुडी उघडली आणि लेकापुढे धरली. "अक्षता हाय. म्या वाह्यली."

सरांच्या कपाळावर आठी चढली. "म्हणजे शेवटी तूच..."

"सर, जालन्यात बोर्ड गेला म्हणले," संपत मध्येच बोलला. "हितं दाणा निघाला. येवढी आठी घालायसारखं त्यात काय हाय?" मग द्वारकाबाईकडे वळून, कुठलंसं यंत्र वापरायची रीत सांगावी तशा कोरड्या आवाजात तो म्हणाला, "पुढच्या साली झाकण लावून पुजा. बैलाच्या पाठीवर झूल टाकताच की. तसं पाठीला लावा कुंकू. तांदूळ मात्र बिलकुल नको."

सरांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि आईला धरून पायरी उतरवली. त्या घरात पुढं काय झालं, ते संपतला कळायला मार्ग नव्हता, आणि चौकशी करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तरी पुढचा दसरा जवळ आला तसं त्याचं लक्ष रस्त्याकडे जाऊ लागलं, हे बेबीनंदाच्या ध्यानात आलं.

दिवाळीच्या तोंडावर सर आले. चार्जरची पिन तुटली होती. संपतनं नवी पिन जोडली, तुटलेली पुडीत बांधली. मग चालतंय का बघायला लॅपटॉप मागितला. सरांनी पिशवीतून काढून तो टेबलावर ठेवला.

झाकणाच्या मधोमध, कंपनीच्या नावाच्या वर, कुंकवाचं बोट वाळून बसलं होतं. दसऱ्याला दोन आठवडे होऊन गेले होते. सर रोज तो कॉलेजात नेत होते, आणि त्यांनी ते पुसलं नव्हतं.