याऊनं न दिलेला वाडगा

दक्षिण चीनमधल्या शुन्दे गावी, कालव्याकाठी लेउंग याऊ नावाचा सुतार राहायचा. बायकोच्या, म्हणजे साऊहाच्या, हातचं सूप त्यानं चाळीस वर्षं ओरपलं आणि चाळीस वर्षं त्याला नावं ठेवली. "आज मुळ्या उकळल्यास की माझ्या रंध्याखालच्या ढलप्या?" असं म्हणायचा आणि लगेच दुसऱ्यांदा वाडगा पुढे करायचा. गडी असा!

साऊहाच्या पोटात गाठ झाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि चूल याऊच्या गळ्यात पडली. महिनाभर ती पेजेचे चार चमचे घ्यायची न् तोंड फिरवायची. एका सकाळी मात्र आपणहून म्हणाली, "काळ्या कोंबडीचं सूप प्यावंसं वाटतंय."

याऊ जवळजवळ पळतच फोक नावाच्या वैद्याच्या दुकानात गेला. ताकदीच्या चपट्या मुळ्या, सुकी लाल बोरं, आल्याचा तुकडा, सगळं घेऊन आला, वाटेत बाजारातून काळी कोंबडीही. खाटेवरून हुकूम सुटू लागले.

"बोरांच्या बिया काढल्यास?"

"त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"बियांनी उष्णता वाढते. चाळीस वर्षं काय पीत होतास, म्हाताऱ्या?"

"तू देत होतीस ते."

साऊहा हसली, मग बराच वेळ खोकली. याऊनं एकेक बोर चिरून बी काढली. मातीचं भांडं चार तास मंद आचेवर ठेवलं आणि समोर बसून राहिला. वास ओळखीचा यायला लागला, तसा त्याचा चेहरा फुलला.

दुपारी वाडगा भरून तो खाटेशी गेला. तिच्या कपाळाला हात लावला तर चटकाच बसला.

आता काय करावं? अंगात ताप असताना ताकदीचं सूप पाजायचं नाही, दुखणं आतच कोंडतं, हे त्या गावात पोरांनाही ठाऊक. एकदा याऊलाच ताप होता, तर साऊहानं भरलेलं भांडं उचलून शेजारणीला देऊन टाकलं होतं.

"दे ना," ती म्हणाली.

"ताप उतरू दे."

"एक घोट."

"तूच शिकवलंयस की मला."

ती नुसती वाडग्याकडे बघत राहिली. याऊनं भाताच्या पाण्यानं तिचे ओठ ओले केले आणि सूप झाकून ठेवलं.

ताप उतरलाच नाही. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली.

क्रियाकर्म आटोपल्यावर याऊ फोकच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"एक घोट दिला असता तर?"

"ताप वाढला असता," फोक म्हणाला.

"नाही दिला, तरी काय झालं?"

फोकनं हातातला तराजू खाली ठेवला.

"महिन्याभरात तिनं एवढं एकच मागितलं होतं, वैद्यबुवा. आणि मी तिला तिचाच नियम ऐकवला."

फोकनं स्टूल पुढे सरकवलं. "बस जरा."

याऊ बसला नाही.