होडी दर्यात असताना

सातपाटीच्या नवशा तांडेलाचा हात थरथरायला लागला, तेव्हा गावानं ताडीला बोल लावला. पाय घासत चालू लागला, तेव्हा वय झालं म्हणाले. पण चेहराच हलेनासा झाला, तेव्हा मात्र गावाचं पित्त खवळलं. लग्नात हसू नाही, मयतात डोळ्याला पाणी नाही, माणसाला मस्ती आली! मस्ती कसली डोंबलाची. पालघरच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला आणि नवशाची होडी त्याच्या मुलाच्या, कमलाकांतच्या हाती गेली. नवशा ओट्यावर बसला तो बसलाच.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून पुष्पलता निमकर नावाची डॉक्टरीणबाई गावात यायला लागली. हा आजार हातापायांत दिसतो, पण माणसाच्या विचारांचं, आठवणीचं, मनाचं काय करतो, याचा ती अभ्यास करत होती. लोकांना गंमत वाटली. हात कापतो बापड्याचा, आणि ही विचारते झोप लागते का! बाई मात्र चिवट. ओट्यावर मांडी घालून नवशाला महिने उलटे म्हणायला लावी, कागदावर घड्याळ काढायला लावी. तो सावकाश का होईना, करी. मग ती मनाचं विचारी. रडावंसं वाटतं का? जगणं नकोसं होतं का?

"बरा हाय मी," नवशा म्हणे. दर खेपेला तेवढंच.

आता यातली मेख त्या बाईला कोण सांगणार? ती यायची तेव्हा कमलाकांत दर्यात असायचा. आणि घरची होडी दर्यात असली की घरात रडायचं नाही, मरणाचं नाव काढायचं नाही, नाहीतर होडी परत येत नाही, ही नवशाच्या घरची पिढ्यांची रीत. नवशाची बायको काशीबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं चुलीपुढे बसवून पहिली हीच गोष्ट शिकवली होती. ज्या रीतीनं आपण जन्मभर वागतो, ती दुसऱ्याला सांगावी लागते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

नवऱ्याचं खरं काय ते काशीबाई बघत होती. पूर्वी जाळ्यात काय आलं, किती आलं, हे विचारून मुलाचा जीव खाणारा माणूस आता होडी आली तरी भिंतीकडे तोंड करून पडायचा. ताट तसंच परत यायचं. बाजारात पाटी घेऊन बसली तरी तिचं अर्धं लक्ष घरी असायचं.

वैशाखात बाई शेवटची आली. अभ्यास संपला होता. जाताना तिनं काशीबाईला बाजूला घेतलं.

"या आजारात चेहरा गोठतो, काशीबाई. आतलं दुःख मला दिसत नाही. तुम्ही घरातल्या. उदास असतील तर त्यालाही औषध आहे. खरं सांगा."

काशीबाईच्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण कमलाकांत आदल्या दिवसापासून दर्यात होता, आणि बाहेर वारा पडलेला नव्हता. ओट्यावरून नवशा तिच्याकडे बघत होता. चेहरा लाकडाचा, डोळे तेवढे जिवंत. एका पारड्यात नवरा, दुसऱ्यात पोर. बाईमाणसानं काय करावं?

"बरे हायत ते," ती म्हणाली.

पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या. त्याच संध्याकाळी नवशा बोलला.

"काशी, मना आता नको झालाय सगला. लई दिस नको झालाय."

काशीबाई दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन मुंबईला गेली. निमकरबाई परदेशी गेली होती. तिच्या जागेवरच्या तरुण डॉक्टरानं कागद चाळले आणि म्हणाला, यांचं मन उत्तम आहे, दर वेळी यांनीच तसं सांगितलंय, शेवटी तुम्हीही. काशीबाईनं परोपरीनं सांगून पाहिलं. त्यानं कंपाच्या गोळ्या वाढवून दिल्या. ती नवऱ्याला घेऊन परत आली.

नवशानं जेवण सोडलं. कुणी भरवलं तर घास गालात धरून ठेवायचा. आषाढ सरता सरता तो गेला. मयताला आलेले लोक म्हणाले, चेहरा कसा शांत आहे बघा. काशीबाईला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

नारळी पुनवेनंतर होड्या निघाल्या. कमलाकांतची होडी दिसेनाशी झाली, तशी काशीबाई नवशाच्या जागेवर येऊन बसली आणि गळा काढून रडायला लागली. आळीतल्या बाया धावल्या. गोजराबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला. होडी दर्यात हाय, येडे, पोराचा तरी इचार कर! काशीबाईनं तो हात झटकला. नवशाला नको झालं होतं, जगणं नको झालं होतं, आणि मी बरे हायत म्हणाले, हे ती साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगत राहिली. बाया घाबरून दारं लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी कमलाकांतची होडी आली. काठोकाठ भरून आली.