रेडिओजवळची घोंगडी

दूध संकलनाच्या शेडवर कॅन उतरवत होतो, तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, "दत्तूनाना गेले." मी हातातला कॅन खाली ठेवला आणि त्याच्याशेजारीच बसलो. आता महिना उलटलाय, आणि लिहायला घेतलं तर दुःखापेक्षा शरमच जास्त वाटते आहे.

संगमनेरातलं आमचं रेडिओ श्रोता मंडळ नानांनी उभं केलं. तालमीमागच्या खोलीत संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर तासभर वाद घालायचा. पुणतांब्याहून नवा आलो तेव्हा मी दारातच घुटमळलो होतो. आतले सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यांच्या थट्टाही मला कळेनात. नानांनी हाक मारली, "ओ पाव्हणं, भाईर का? ही जागा तुमचीच हाय." रेडिओला लागून एक घडी घातलेली घोंगडी ते कायम मोकळी ठेवत. तिथं नव्या माणसानंच बसायचं आणि रेडिओचं बटणही त्यानंच फिरवायचं. मी बिचकलो तर म्हणाले, "फिरवा की! चावतंय व्हय ते?" स्टेशन गेलं, नुसती खरखर... सगळे हसले, मीही हसलो, आणि मंडळातलाच झालो. नवे लोक तेच ते प्रश्न विचारतात म्हणून पुढं मीच कुरकुर करू लागलो, तेव्हा नाना उखडले, "तू काय आईच्या पोटातनं युरिया शिकून आल्ता का?"

ते गेल्यावर आम्ही त्यांचा फोटो मढवून आणला. रेडिओजवळच ठेवू, असं मीच सुचवलं. घोंगडीवर पाट, पाटावर फोटो, हार, उदबत्ती. सगळ्यांचे डोळे भरून आले.

गेल्या आठवड्यात दुष्काळी कामावर आलेला पाथर्डीकडचा एक माणूस दारात उभा राहिला. कार्यक्रम रंगात आला होता. त्यानं बसायला जागा शोधली. कोणी सरकलं नाही, मीही नाही. मग त्याची नजर फोटोवर गेली. लांबूनच हात जोडून तो म्हणाला, "चालू द्या तुमचं," आणि निघून गेला. आपण कुणाच्या दुखवट्यात शिरलो असंच वाटलं असणार बिचाऱ्याला. मला उठून हाक मारता आली असती... कार्यक्रम चुकेल म्हणून मी उठलो नाही. आणि तेव्हा कुठं आठवलं, नाना स्वतः कायम दारापाशी, चपलांच्या शेजारी बसायचे.

काल मी फोटो दाराजवळच्या खिळ्याला टांगला, घोंगडी झटकून पुन्हा घडी घातली आणि चपलांपाशी जाऊन बसलो. कार्यक्रमात काय सांगितलं ते मला विचारू नका, माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. तो माणूस काही आला नाही.