नाकानं पास होणारं पाणी

आमचे पंपावरचे काका तळहातावर पाण्याचे चार थेंब घ्यायचे, चोळायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि मला म्हणायचे, "गो बाय, नाक अजून नाय म्हणता." समुद्रातल्या तेलविहिरींवरचं तेलकट पाणी जहाजांतून मुरगावला, आमच्या प्रकल्पात यायचं. शुद्ध झालं की ते शेजारच्या बायकांच्या रोपवाटिकेला जायचं. पंप काकांच्या ताब्यात, प्रयोगशाळा माझ्या.

मी डिचोलीची, तोंडाळ. "काका, मशीन विकून टाकूया, तुमचं नाकच टांगू भिंतीवर!" ते हसायचे. सोमवारी आपल्या गावाहून, इब्रामपूरहून येताना माझ्यासाठी हमखास मिरच्या आणायचे. म्हणायचे, "तुका शोभतत."

एकदा नमुन्याची काचेची बाटली माझ्या हातून फुटली. घाईत मी प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं. तेल प्लास्टिकला चिकटतं, आकडा खोटाच कमी येतो, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला ठाऊक होतं हो! तरी रिपोर्टवर 'पास' लिहून सही ठोकली.

काकांनी पाणी हुंगलं, नकारार्थी मान हलवली आणि पंप बंद केला. मग त्यांना टेबलावरची ती बाटली दिसली. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. तेवढ्यात साहेब गरजत आले, "रिपोर्ट पास आहे, पाणी का अडवलंय?"

"पंप बिघडला, साहेब. माझीच हयगय."

साहेब गेल्यावर मी तेच पाणी काचेच्या बाटलीत घेऊन तपासलं. सपशेल नापास! बायकांची रोपं जळून गेली असती. काकांनी सगळं पाणी पुन्हा शुद्धीकरणाला वळवलं.

त्यांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी 'पंप बिघडवणारे काका' म्हणून चिडवलं. सगळे हसले, तेही हसले. आणि तुम्हाला सांगते, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी गप्प बसून टाळ्या वाजवत होते. अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यात काका गेल्याचं कळलं. मी इब्रामपूरला गेले. काकींनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "बाय, तो पंप कसो बिघडलो गो? ह्यांका विचारलंय काय नुसते हसत. झील अजून बापाशीक नावां ठेवता."

"काकी, पंप बिघडलाच नव्हता," मी म्हटलं, आणि बाटलीपासून सगळं सांगून टाकलं.

 काकींनी परसात नारळ सोलणाऱ्या आपल्या मुलाला हाक मारली, "रे, हयसर ये!" तो दारात येऊन उभा राहिला.

"हां," काकी मला म्हणाल्या, "आता परत सांग."